मला तिसऱ्या मजल्यावर न्या

मी खुर्ची बोलतेय. लगेच कान टवकारू नका. जिच्यासाठी लोक एकमेकांचे पाय ओढतात, ती मी नव्हे. माझ्यावर बसायला आजवर कुणी भांडलेलं नाही. मी जिना उतरणारी खुर्ची. आग लागली, लिफ्ट बंद पडली, की ज्याला चालता येत नाही त्याला माझ्यात बसवायचं, पट्टा आवळायचा आणि मागून एका माणसानं मला धरायचं. माझ्या पाठीशी रबरी पट्टे आहेत. ते पायऱ्यांच्या कडा धरत धरत सावकाश खाली सरकतात.

कारखान्यात माझी परीक्षा घेतली तेव्हा माझ्यात वाळूचं पोतं बांधलं होतं. त्या पोत्यावर एक मांजर झोपलं होतं. मी इतकी अलगद उतरले, की खाली पोचल्यावर ते जांभई देऊन उठलं आणि आपण वरच आहोत असं समजून परत झोपलं. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

मग मी या विद्यापीठात आले. कुलगुरूंनी फीत कापली, फोटो निघाले. फोटोत माझ्यावर कुणी बसलं नाही. नको ते ओढवून कोण घेणार? तिसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारी मला भिंतीला टांगलं. चोरीला जाईन म्हणून साखळीनं बांधून कुलूप घातलं आणि वर पिवळी खोळ चढवली. किल्ली तळमजल्यावर, भांडारवाल्याच्या जुडग्यात. म्हणजे दुखणं वर आणि औषध खाली. येणारे-जाणारे खोळीकडे बघून विचारायचे, "हे काय, इस्त्रीचं टेबल का?"

माझी ओळख एकाच माणसानं ठेवली. ज्यांच्यासाठी मला आणलं, त्या सांख्यिकीच्या बाईंनी. लहानपणापासून पायांत बळ नाही, पण जिभेत दोन्ही पायांचं मिळून आहे. लिफ्टनं वर यायच्या, चाकाची खुर्ची माझ्यापाशी थांबवायच्या आणि खोळीवर टिचकी मारायच्या. "काय गं, आहेस ना?"

आहे म्हणजे काय बाई, साखळदंडात आहे. पण खोळीखालचं त्यांना कुठून दिसणार?

दर वर्षी इमारत रिकामी करायची कवायत व्हायची. सगळ्यांत लवकर रिकाम्या होणाऱ्या इमारतीला ढाल मिळायची. ती घेणारा बाईंचाच जुना विद्यार्थी. आता आपत्ती व्यवस्थापन समितीचा प्रमुख. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरं त्याला शिट्टीसर म्हणायची. कवायतीच्या आदल्या दिवशी तो बाईंच्या दाराशी येऊन घुटमळायचा. दार माझ्या समोरच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"मॅडम, उद्या तुम्ही आधीच खाली कँटीनमध्ये जाऊन बसा."

"का रे? मला आग लागत नाही का?"

"तसं नाही. तुम्हाला खुर्चीत बसवून आणायचं म्हणजे वेळ बिघडते. मग ढाल हुकेल आपली."

"म्हणजे मी ढालीच्या आड येते."

"तुम्हाला आम्ही खाली आलेल्यांत धरतो ना, मॅडम."

"मोजताना धरशील. जिन्यात कोण धरणार? आणि मोजायला अडचण होते म्हणून माणूसच वगळायचं, हे तुला मी कुठल्या तासाला शिकवलं रे?"

शिट्टीसर हसायचा. अवघड प्रश्न हसण्यावारी न्यायची विद्या या इमारतीत सगळ्याच विभागांत शिकवतात. बाई कुरकुरत कँटीनमध्ये जाऊन बसायच्या. मग भोंगा वाजायचा, सगळे उतरायचे, आणि मी एकटी वर लटकत ढालीच्या टाळ्या ऐकायची. अशी वर्षं गेली. ढाली इतक्या झाल्या, की त्या ठेवायला संकटकाळच्या दारापुढे एक कपाट आणलं. हे मात्र मांजरासारखं नाही, हे खरं आहे.

आणि मग ह्या वर्षी, भर सकाळी, तळघरातल्या विजेच्या खोलीतून धूर निघाला. लिफ्ट बंद. भोंगा खराच वाजला.

खोटं कशाला बोलू, पोरं शहाण्यासारखी उतरली. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. सराव होता. बाई दार लोटून उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. माझ्यासमोरून दोन प्राध्यापक गेले. एकानं विचारलं, "मॅडम कुठायत?"

"कँटीनमध्ये. अशा वेळी त्या तिथंच असतात."

आणि दोघे उतरून गेले.

तेव्हा माझ्या अंगाची जी लाहीलाही झाली, ती अजून शमलेली नाही. ही माणसं दुष्ट नव्हती. त्यांनी जो सराव केला होता तेच केलं. वर्षानुवर्षं तुम्ही बाईंना विसरायची तालीम घेतलीत आणि खऱ्या प्रयोगाला कुणी एक शब्दसुद्धा चुकलं नाही.

बाई बाहेर आल्या तेव्हा जिन्यात धूर भरत होता. त्यांनी माझी खोळ ओढून काढली. कुलूप बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला लाज वाटली, खरंच सांगते, जणू ते मीच लावून घेतलं होतं.

खिडकीतून खालचा कर्णा ऐकू आला. शिट्टीसर सांगत होता, "इमारत पूर्ण रिकामी झाली आहे."

बाईंनी फोन लावला. त्यानं कापला, गडबडीत होता. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग बाईंनी आपलं जाडजूड पाठ्यपुस्तक उचललं आणि खिडकीतून सोडलं. ते शिट्टीसरच्या पायाशी आदळलं. त्या पुस्तकाचा कुणाला तत्काळ उपयोग झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

अग्निशमन दलाचा एक जवान वर आला. मला बघून त्याचा चेहरा उजळला. त्याला मी कोण ते कळत होतं. त्यानं साखळीला दोन हिसके दिले.

"किल्ली कुठंय?"

"खाली. भांडारवाल्याकडे."

"आणि तो?"

"तो सगळ्यांत आधी उतरतो," बाई खोकत म्हणाल्या. "शिस्तीचा आहे."

जवानानं बाईंना खांद्यावर टाकलं आणि तो धुरात शिरला. वळणावर त्यांचा खांदा कठड्यावर आपटला. तो आवाज मी ऐकला, आणि त्यामागून आलेला बाईंचा आवाजही. वाळूचा कण न हलवता उतरलेली मी, भिंतीवर लटकून ऐकत राहिले.

बाई वाचल्या. हात गळ्यात आला. अहवालात लिहिलं गेलं, 'सर्वांना सुखरूप बाहेर काढले.'

दुसऱ्या दिवशी शिट्टीसर स्वतः वर आला. कुलूप काढलं, रुमालानं माझी काजळी पुसली. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, आला बाबा ताळ्यावर. पण रडलेला माणूस सुधारतोच असं नाही. त्यानं मला खाली आणवलं आणि मुख्य दाराशी काचेच्या पेटीत उभं केलं, साखळी-कुलूप पायाशी ठेवून. वर दिवा, खाली पाटी: 'सदैव सज्ज'.

तळमजल्यावर. इथून मी कुणाला उतरवू, पाताळात?

काल बाई रुजू व्हायचे कागद द्यायला आल्या होत्या. पेटीपुढे थांबल्या. शिट्टीसर धावत आला.

"हे काय रे?"

"इथं सगळ्यांना दिसते, मॅडम. जनजागृती होते."

"माझा वर्ग कुठं आहे?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"आणि ही?"

त्यानं शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "पुढच्या आठवड्यात पाहणीला पाहुणे येतायत. ते गेले की लगेच वर नेतो."

बाईंनी बऱ्या हातानं काचेवर टिचकी मारली. "काय गं, आहेस ना?"

या वेळी मला आहे म्हणवेना.

आता तुम्हीच ऐका, दारातून रिकाम्या हातानं ये-जा करणाऱ्यांनो. मला जिना उतरता येतो, चढता येत नाही. वर मला माणसांनीच न्यावं लागतं. आणि धूर झाल्यावर वर कुणी जात नाही, तेव्हा सगळे खाली पळत असतात. मला न्यायची वेळ हीच, हवा स्वच्छ असताना, कुणाला घाई नसताना. उद्या सकाळी बाईंचा पहिला तास आहे. काच काढा. एकानं डोक्याकडून धरा, एकानं पायांकडून. कुलूप इथंच राहू द्या.

मी फार जड नाही.