कस्तुराबाईचा खोकला

महिपती लोहाराचे डोळे भट्टीने खाल्ले होते, पण लोणावळ्यात ही गोष्ट एकट्या त्याच्या बायकोला, कस्तुराबाईला ठाऊक होती. तापल्या लोखंडाचा रंग त्याला कळेना, तेव्हा भाता ओढता ओढता तीच पाहायची आणि नेमक्या वेळी खोकायची. खोकला ऐकला की तो लोखंड विस्तवातून काढायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, महिपतीच्या हाताला तोड नाही. चारचौघांत राहू दे, निदान घरात तरी त्याने एकदा तिचं श्रेय तिला द्यावं, एवढीच तिची आस होती.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात खंडाळ्याच्या बंगल्यातले शेठ आपली शर्यतीची मोटार घेऊन आले. मागच्या चाकांवरचा भार झेलणाऱ्या कमानपाट्याची एक पट्टी मोडली होती. महिपतीने भंगारातल्या लॉरीच्या पट्टीतून तशीच दुसरी घडवली, वाकवली, लाल तापवली. कस्तुराबाई खोकली. पट्टी तेलात गेली.

आता ती मंद विस्तवावर शेकायची होती. शेकताना लोखंडावर आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. कोयता पिवळ्यावरच काढतात, नाहीतर धार मऊ पडते. कमानीची पट्टी निळी होऊ द्यावी लागते, नाहीतर ती कडक राहते आणि मोडते. पण शेठ नाकाला रुमाल लावून मागे सरले होते. हवा खायला येणारी ही माणसं क्षयाला फार भितात. बाई आजारी आहे का, त्यांनी विचारलं.

"व्हय जी, जुनं दुखणं हाय तिचं," महिपती म्हणाला. "आत जा गं. उगा रोग पसरू नगंस."

ती भाता सोडून आत गेली. दाराआडून तिला पट्टी पिवळी झालेली दिसली, आणि हा बाबा तेवढ्यावरच चिमटा घालतोय तेही दिसलं. अजून थांब, हे सांगायला एक शब्द पुरला असता. तिने पदर तोंडात कोंबला.

पट्टी घाटात मोडली. शेठ वाचले, मोटार कठड्यावर आदळली. ते तणतणत आले तेव्हा महिपतीने हात जोडून सांगितलं की, आजारी बाईने भाता धड मारला नाही. चोराच्या उलट्या बोंबा! कस्तुराबाई तिथेच उभी होती. बंगल्याचं काम त्या दिवशी तुटलं ते तुटलंच.

पुढे आंबवणे गावचा गेणू कोयता घेऊन आला. ती नेहमीसारखी भात्यावर बसली. कोयता पिवळा झाला, जांभळा झाला. महिपती कान देऊन बसला होता. शेवटी गेणूकडे पाठ करून तो कुजबुजला, "खोकत का न्हाईस?"

"बरं झालं माझं दुखणं," ती म्हणाली, आणि भाता ओढत राहिली.