रिकाम्या खोलीचं अर्धं मिनिट

खोटं वाटलं तर सोडून द्या, पण त्या मेटल बँडवाल्या पोरांचा पहिला अल्बम माझ्याच स्टुडिओत झाला. एकेक गाणं अकरा मिनिटांचं, ताल सोळा वेळा बदलणारा. पायाने ठेका धरायला जाल तर घोटा मुरगळेल! गायक माझा भाचा. त्याला सगळे रेडा म्हणत. तो पोटातून असा गुरगुरे, की शेजारचा दातांचा डॉक्टर दचकून पेशंटची माफी मागे.

माझी एक जुनी सवय. गाणी संपली की सगळ्यांना बाहेर काढून रिकाम्या खोलीची शांतता अर्धं मिनिट टिपायची. गाण्यांमधल्या फटी तिनेच बुजवायच्या असतात. त्या दुपारी टिपली, ऐकली, तर शांततेत कुणीतरी गुरगुरत होतं. रेड्यापेक्षा कितीतरी खालच्या सुरात.

"मामा, हाच आवाज!" ड्रमवाला उडालाच. "रेड्या, तुझं सगळं पुसू. तू याच्यापुढे शेळी आहेस."

"पुसून तर बघ." तीन वर्षं घसा फाडून रेड्याने हा अल्बम उभा केला होता. "मामा, दार लावा. मी त्याच्या खाली जातो."

"अरे, आहे कोण ते तरी..."

"लावा हो!"

लावलं. तो उतरत गेला. शेवटी आवाज ऐकूच येईना, नुसती माझ्या चहात वर्तुळं उठत राहिली. मग तीही थांबली.

दार उघडून रेडा बाहेर आला. "जमलं, मामा," म्हणाला. आवाज मऊ, दुधासारखा. घसा बसला असेल, म्हटलं.

सवयीने मी पुन्हा रिकामी खोली टिपली. आता शांतता अगदी स्वच्छ. तीच अल्बमच्या शेवटी जोडली.

अल्बम निघाला तशी माझी बहीण ऐकायला आली. सगळी गाणी तिने कानात बोटं घालून सोसली. शेवटच्या शांततेला मात्र बोटं काढली, मान तिरकी केली.

"दादा, दार उघड ना त्याला. केव्हाचा हाका मारतोय."

"कुणाला? अगं, रेडा तर तुझ्या घरी आहे."

"घरचा फार गुणी आहे रे," ती कुजबुजली. "तीन आठवड्यांत एकदाही उलटून बोलला नाही. मी हाक मारायच्या आधीच ओ देतो."