गाळलेलं पाणी

आल्यागेल्याला गाळल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, हा थोरलीचा नेम होता. कुणी लावून दिलेला नव्हता, तिचा तिनेच धरलेला. पाणी उकळायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, निवू द्यायचं आणि मगच पेला भरायचा. गावाने तिला पाणी समितीची अध्यक्ष केली तीही या नेमाकडे बघूनच.

खालच्या आळीत नळाचा आणि सांडपाण्याचा, दोन्ही पाइप एकाच चरात पुरलेले होते. दोन्ही जुने, दोन्ही फुटके. गटारातलं नळात यायचं आणि घरोघरी पोटं बिघडायची. नव्या पाइपांसाठी सरकारकडून पैसे मिळायचा योग आला, तशा पाणी खात्याच्या इंजिनिअर मॅडम पाहणीला येऊन गेल्या. पाणी सुटायचं पहाटे आणि त्यांना मुक्काम करता येईना. म्हणून नमुन्याच्या रिकाम्या बाटल्या थोरलीच्या हवाली करून त्या म्हणाल्या, खालच्या आळीत नळाखाली धरा, येईल तसं भरा, ड्रायव्हर येऊन घेऊन जाईल.

थोरलीने भरल्या. घरी आणून ओट्यावर ठेवल्या आणि ते पिवळट पाणी उजेडात पाहून तिला कसंसंच झालं. बाटलीवर गावाचं नाव चिकटवलेलं. शहरात कुणी परका माणूस बूच उघडणार, वास घेणार, नाक मुरडणार. असली माणसं राहतात होय तिथे, म्हणणार. पाहुण्यांपुढे आणण्याआधी आई पोराचं तोंड पुसते, तसंच तिने केलं. बाटल्या रिकाम्या केल्या, विसळल्या आणि पातेल्यातलं गाळलेलं पाणी त्यांत भरलं. फसवायचं तिच्या मनातही नव्हतं. मॅडमनी पाइप डोळ्यांनी पाहिले होते, पैसे तर येणारच. पाणी निदान नीटनेटकं जावं, एवढंच.

धाकटी जाऊ दारातून बघत होती. "ताई, पाणी तपासायला निघालंय की लग्नाला?" ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मॅडम परत आल्या त्या समितीच्या खोलीत उभ्या उभ्याच बोलल्या. पाणी पिण्यालायक निघालं होतं. जिथलं पाणी खराब, त्या गावांना पैसे आधी. या गावाचा नंबर गेला. नळाचाही आणि गटाराचाही.

खोलीत गलका झाला. एवढं स्वच्छ पाणी आलं कुठून? मग सगळ्यांची नजर वळली चावीवाल्याकडे. गावाला पाणी सोडायचं काम त्याचं. आपल्यावर बालंट येऊ नये म्हणून यानेच त्या दिवशी टाकीत भरमसाट औषध ओतलं असणार, असं एकजण म्हणाला आणि बाकीच्यांना ते पटलं.

"औषध टाकायला औषध आलंय कुठं?" चावीवाला म्हणाला. "मागून मागून माझीच जीभ शुद्ध झाली."

दोघेतिघे हसले, पण ऐकलं कुणीच नाही. त्याची मुलगी त्याच पाण्याने आजारी पडून नुकती दवाखान्यातून घरी आलेली, हेही कुणाला आठवलं नाही. दुसरा माणूस ठेवू, असं ठरलं. त्याने कमरेची चावी सोडली आणि टेबलावर, थोरलीच्या समोर ठेवली. तिच्याकडे त्याने पाहिलं ते अध्यक्ष म्हणून, आता तरी ही काही बोलेल अशा आशेने. थोरलीची मान वर झाली नाही.

मॅडमचं जेवण तिच्याकडेच होतं. त्या येऊन बसल्या तशी धाकटीने पेला पुढे केला. आवाज अगदी गोड ठेवून म्हणाली, "घ्या मॅडम, निर्धास्त प्या. आमच्या ताईंनी गाळलंय."

थोरलीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. देवाचं नाव घ्यायला गेली, तर तेही ओठांवर येईना. मॅडमनी पेला उचलला, तेवढ्यात तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"बाटल्यांत हेच होतं," ती म्हणाली. "नळाचं नव्हतं. मला लाज वाटली हो."

मॅडमनी पेला खाली ठेवला. म्हणाल्या, नमुना पुन्हा घेता येईल, पहाटे आपण स्वतः येऊ. पण यंदाचे पैसे वाटून झाले, पुढच्या खेपेला बघू.

"हे इथे नाही सांगायचं," थोरली उठत म्हणाली. "चला."

समितीच्या टेबलावरची चावी घेऊन ती खालच्या आळीत गेली. मागे मॅडम, त्यांच्या मागे धाकटी. तिला बघून माणसं दारात आली. चावीवाल्याच्या अंगणात उभं राहून तिने सगळ्यांसमोर सांगितलं आणि चावी त्याच्यापुढे धरली. तो घेईना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता नळाच्या कोरड्या तोटीकडे बघत म्हणाला, "मला काय विचारता? आत पोरगी निजलीय. तिला सांगा, अजून वर्षभर थांब म्हणावं."

तोवर त्याची बायको आतून आली. दारात माणसं आली आहेत, एवढंच तिला दिसलं होतं. हातात पाण्याचे पेले. पोरीच्या दुखण्यापासून तीही उकळून, गाळून ठेवायला शिकली होती. एक पेला तिने मॅडमना दिला, एक धाकटीला, आणि एक थोरलीला.

"घ्या ना ताई," ती म्हणाली. "गाळलेलं आहे."

थोरलीने चावी पायरीवर ठेवली आणि पेला दोन्ही हातांनी घेतला. पाणी नितळ होतं. सगळी आळी बघत होती, आणि घोट काही केल्या घशाखाली उतरत नव्हता.