कानसेनची साक्ष

"रस्त्याच्या पाया पडतोयस की काय रे, दादा?"

बहीण दारात उभी राहून हसत होती. हातात चहाचा कप, गळ्यात मापं घ्यायची टेप. ती घरीच कपडे शिवायची, त्यामुळे टेप तिच्या गळ्यात दिवसभर असायची. समोर रस्त्यावर तिचा थोरला भाऊ गुडघे टेकून बसला होता. एका टोकाला लाकडी वाटी बसवलेली लोखंडी सळई त्याने डांबरावर टेकवली होती आणि वाटीला कान लावून डोळे मिटले होते. त्याने नुसतं एक बोट वर केलं. गप्प बस, असा त्याचा अर्थ. लहानपणापासून तिला तो पाठ होता, आणि लहानपणापासून तिने तो कधी मानला नव्हता.

"चहा गार होतोय."

"होऊ दे. पाणी आहे इथं."

"पाणीखात्यात नोकरीला आहेस. पाणी नाही तर काय तूप असणार?"

तो हसला नाही, तेव्हा तीही थांबली.

जमिनीखालची गळती कानाने शोधायची, हे त्याचं काम. एकतीस वर्षं तो पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, गल्लीबोळांतून सळई टेकवत हिंडला होता. खात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. 'याच्या देखत गुपित बोलू नका, नळातून ऐकतो,' ही चेष्टा साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी करून झाली होती. शहराखालचे पाइप बिडाचे, सत्तर वर्षांपूर्वी घातलेले. ज्यांनी घातले ते कधीच गेले होते. जोडावर भोक पडलं की पाणी आधी बारीक शीळ घालतं. आसपासची माती वाहून गेली की शीळ बंद होते आणि घुमायला लागतं, रांजणात बोलल्यासारखं. शीळ असेल तर वेळ असतो. घुमायला लागलं की वेळ फारसा नसतो.

बहिणीच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर घुमत होतं.

त्याने पांढऱ्या रंगाने तिथे गोल काढला आणि दहा वाजता अहवाल घेऊन साहेबाच्या टेबलाशी उभा राहिला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने अहवाल पूर्ण वाचला, चष्मा काढून डोळे चोळले.

"ही लाइन उघडायची म्हणजे काय, ठाऊक आहे ना तुम्हाला? एका जोडाला हात लावला की पुढचे चार फुटतात. अर्ध्या शहराचं पाणी बंद."

"खाली पोकळ झालंय, साहेब."

"अशा किती जागा आहेत?"

"माझ्या वहीत बावीस."

"मग? रोज मरे त्याला कोण रडे?" असं म्हणून साहेबाने कागदाच्या कोपऱ्यात 'निरीक्षणाखाली' असा शेरा मारला.

त्या संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. "पुढच्या दाराने ये-जा करू नका. मागचं दार वापरा. नाहीतर थोडे दिवस माझ्याकडे राहायला या सगळे."

"आणि शिलाई मशीन? ते काय डोक्यावर घेऊन येऊ?" ती म्हणाली. पण भावाचा चेहरा बघून तिने मागचं दार वापरलं. आठ दिवस. मागे चिंचोळी गल्ली, तिथे सांडपाणी तुंबलेलं. कपडे टाकायला येणाऱ्या बायका नाकाला पदर लावून यायच्या. नवव्या दिवशी तिने पुढचं दार उघडलं.

तो रागावला. दोनदा रागावला. तिसऱ्यांदा तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "दादा, तुला सगळीकडे पाणीच ऐकू येतं. आधी जेव."

आणि तो जेवला. पुढे आयुष्यभर त्याला ते जेवण आठवायचं. दिवस जात होते, रस्ता जागच्या जागी होता, तीन अहवाल देऊन झाले होते. मधे डांबरवाले येऊन रस्ता गुळगुळीत करून गेले, त्यात त्याचा पांढरा गोलही गेला. त्याने परत काढला. पण तिला परत सांगितलं नाही. सांगून सांगून माणूस थकतो, तसा तोही थकला होता.

पाचव्या महिन्यात, भर सकाळी साडेदहाला, रस्ता खचला. ती शिवलेले कपडे पोचवायला निघाली होती. पायरी उतरून तीन पावलं टाकली असतील. समोरचा न्हावी बघत होता. तो नंतर सगळ्यांना एवढंच सांगायचा, "आवाजसुद्धा झाला नाही हो. ती होती, आणि नव्हती."

कानसेन पोचला तेव्हा खड्ड्यात गढूळ पाणी गरगरत होतं, पंप ते उपसत होते आणि कडा ढासळत होत्या. कुठे खणायचं, कुणालाच कळेना. चुकीच्या जागी खणलं तर उरलेला रस्ताही आत जाणार. मेहुण्यांना, ज्यांना तो दाजी म्हणायचा, दोघांनी धरून ठेवलं होतं. त्यांची वीस वर्षांची मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

साहेब पुढे आला. "कानसेन, तुम्हीच सांगा."

"पंप बंद करा," तो म्हणाला. "सगळे गप्प राहा."

पंप थांबले. दोनशे माणसं गप्प झाली. कुणाचं तरी तान्हं रडत होतं, त्याला आत नेलं. त्याने सळई टेकवली आणि कान लावला. एकतीस वर्षं पाणी ऐकू आलं की त्याचं काम फत्ते व्हायचं. आज तो देवाजवळ मागत होता की पाण्याशिवाय काहीतरी ऐकू येऊ दे. एक टकटक. एक हाक. तिच्या बांगडीचा आवाज.

पहिल्या जागी पाणी. दुसऱ्या जागी पाणी. तिसऱ्या जागी पाण्याचा आवाज बदलला. तिथे पाणी सरळ जात नव्हतं. कशाला तरी अडून, वळसा घालून जात होतं.

तो बराच वेळ तसाच राहिला. मग उठला आणि पायाने जागा दाखवली.

"इथं," तो म्हणाला. "घाई करू नका. हळू खणा. लागेल तिला."

ती तिथेच सापडली.

चौकशी दीड महिन्याने बसली. आदल्या दिवशी साहेबाने त्याला खोलीत बोलावून दार लावलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"तुमची कानाची तपासणी झालीय. डावा कान जवळजवळ गेलाय, उजवाही उतरलाय. वयच आहे तुमचं. उद्या एवढंच म्हणा की नक्की ऐकू आलं नव्हतं, शंका होती. तुम्हाला कोण दोष देणार? सगळ्यांचीच सुटका होईल. तुमचीसुद्धा."

"माझी कशी?"

साहेबाने खिडकीबाहेर बघितलं. "उद्या तुमचे मेहुणे समोर बसलेले असतील."

तो रात्रभर त्यावर विचार करत राहिला नाही. विचार करण्यासारखं काही नव्हतं. ऐकूच आलं नाही म्हटलं, तर तो निकामी कानांचा एक म्हातारा ठरणार होता, त्याची कीव करता आली असती. ऐकलं म्हटलं, तर पाच महिने सगळं ठाऊक असून बहिणीच्या हातचं जेवून घरी जाणारा भाऊ. पण त्याच लाइनवर आणखी चाळीस घरं होती. वहीत आणखी एकवीस जागा होत्या. शंका म्हटलं की त्या सगळ्या शंकाच राहणार होत्या.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि वर कुरकुरणारा पंखा. दाजी भिंतीशी बसले होते, शेजारी मुलगी. अधिकाऱ्याने मोठ्या आवाजात, शब्द सुटे सुटे करत विचारलं, "तुम्हाला गळती ऐकू आली होती, की संशय होता?"

"हळू बोललात तरी चालेल," तो म्हणाला. "ऐकलं होतं."

"खात्री होती?"

"होती. माती गेलेली होती. आज ना उद्या रस्ता बसणार, हे मला कळलं होतं."

"मग घरच्यांना कल्पना दिली होती?"

"दिली होती. आठ दिवस दिली. नंतर सांगणं सोडून दिलं."

लिहून घेणाऱ्याचं पेन थांबलं. दाजींनी मान वर केली नाही.

त्या साक्षीमुळे पुढे ती लाइन बदलली. वर्ष लागलं, पण बदलली. वहीतल्या नऊ जागाही खणल्या गेल्या. त्यातल्या दोन ठिकाणी खाली माणूस उभा राहील एवढी पोकळी निघाली. खात्यातले लोक नंतर त्याला हे सांगत राहिले. त्याला बरं वाटावं म्हणून सांगत. तो मान हलवायचा.

पण त्या दिवशी यातलं काहीच झालेलं नव्हतं. तो बाहेर आला तेव्हा दाजी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर कठडा धरून उभे होते. वळून न बघताच ते बोलले.

"खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं, दादा. मला तुम्हाला माफ तरी करता आलं असतं."

दाजी एकेक पायरी उतरून खाली गेले.

मुलगी मात्र मागे राहिली होती. तिने आईची शाल पांघरली होती, उन्हाचे दिवस असूनही. तिने मामाकडे बघितलं. काहीतरी विचारायचं होतं तिला. मग ती नुसतीच जवळ आली आणि त्याचा दंड धरला, आजारी माणसाला धरतात तसा.

"पायऱ्या झिजल्यात, मामा," ती म्हणाली. "जपून."

दोघं तळापर्यंत उतरली. फाटकाशी दाजी पाठ करून थांबले होते. तिने हात सोडला, शाल सावरली आणि वडिलांच्या मागोमाग चालू लागली. ती दोघं वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो उन्हात उभा होता, दंड अजून तिने धरल्यासारखा अंगापासून थोडा लांब ठेवून.