कागदातला चंद्र

जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो हातातला कोरा कागद उन्हात धरी आणि "दिसला, दिसला!" म्हणून ओरडे. कागदाच्या पोटात खरोखरच चंद्रकोर होती. शाई नाही, रंग नाही, नुसती उजेडाची रेघ. लगद्याच्या हौदाशेजारी बाजेवर बसलेले चांदबाबा डोळे मिटून मान डोलवत होते. बाबा कोणत्या धर्माचे हे हिंदूंना ठाऊक नव्हतं, मुसलमानांनाही नव्हतं, आणि बाबांना तेच सोयीचं होतं.

"चंद्र पाण्यातून येतो, पाण्यातच विरतो!" बाबा गरजले. "कागद भिजवा, पाणी आजाऱ्याला पाजा. चंद्र जाताना रोग घेऊन जाईल!"

एवढा चंद्र वश असलेल्या बाबांना दाढदुखीला मात्र लवंग लागत होती.

नजमुन्निसा ओसरीवर कागद घोटत बसली होती. नवरा इब्राहिम गवती जाळी हौदात बुडवून लगद्याचा पातळ थर उचलायचा; तो वाळला की खळ लावून दगडानं गुळगुळीत करायचं काम तिचं. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि मोहल्ल्यातले हौद एकेक करून कोरडे पडले. यांचा तेवढा उरला होता, तोही आटत आला होता; बाबा आल्यावर पुन्हा भरला. घरात दोन वेळा चूल पेटू लागली, म्हणून ती गप्प होती. पण चंद्र दर कागदात त्याच जागी येई आणि खालच्या टोकाला दर वेळी तसाच तुटका असे, हे तिला बरेच दिवस खटकत होतं.

घाटघरची गोजरबाई नातवाला पाठीशी बांधून पुन्हा आली.

"भाभी, ह्या डावाला जरा मोठा चंद्र बघून द्या. पोराचा ताप काय उतरंना."

नजमुन्निसानं पोराच्या कपाळाला हात लावला. चटकाच बसला.

"मावशी, डाक्टरला दावलं का न्हाई?"

"बाबा म्हनलं, दवा घेतली की चंद्र रुसतो."

नजमुन्निसा उठली. कागद बनवणाऱ्या कागद्यांमध्ये अशी चाल, की थर उचलणाऱ्याच्या जाळीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, आणि बाईनं तर हौदाजवळही जायचं नाही. ती सरळ हौदावर गेली, इब्राहिमच्या हातून जाळी ओढून घेतली आणि उन्हात धरली. गवताच्या काड्यांवर घोड्याच्या केसानं चंद्रकोर शिवलेली होती. खालच्या टोकाचा टाका सुटला होता.

"बघा समद्यांनी! ह्यो केस उंच हाय, तितं लगदा कमी बसतो. कागद पातळ व्हतो, म्हनून उजेड दिसतो. ह्योच तुमचा चंद्र!"

"नजमुन, काय केलंस हे?" इब्राहिम हळूच म्हणाला. "नुसत्या कागदापायी आपल्या दारात कोन आलं असतं?"

टाके कुणी घातले ते तिला तेव्हा कळलं. त्याला बोल लावावा, तर त्याच चंद्रावर तिचीही चूल पेटली होती.

बाबांना मात्र बोल लावायला तोंड होतं. "बाईनं जाळी बाटवली! चंद्र गेला!" असं ओरडत त्यांनी बोचकं उचललं आणि बेल्ह्याच्या बाजाराची वाट धरली. लोक उलटे नजमुन्निसावरच धावून आले. हातातले कागद मात्र कुणी टाकले नाहीत, नीट घडी घालून खिशात ठेवले.

तिनं गोजरबाईचा हात धरून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोराला तपासलं, सुई दिली आणि मान हलवली. फार उशीर केलात, म्हणाले. दिवेलागणीला पोर गेलं.

गोजरबाई रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "भाभी, तुमाला आदीपासून वाटत व्हतं, तर बोलला का न्हाई?"

बाबांमागोमाग गिऱ्हाईकही गेलं. हौद महिन्याभरात आटला.

कागद उजेडात धरून पाहणारे त्या दिवशी शेकड्यांनी होते. जाळी उजेडात धरावी असं एकाच बाईला वाटलं, तेही उशिरा. बाबांनो, चमत्कार दिसला की तो कशावर उचलला ते आधी बघा. शंका आली तर त्याच दिवशी बोला, आणि आजारी पोराला आधी दवाखान्यात न्या.