मासोळी दिसली होती

त्या घरातला सगळ्यात चांगला उजेड पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी येत असे, म्हणून आईचं रफूचं टेबल तिथे होतं. गावातले लाँड्रीवाले तिच्याकडे कपडे पाठवत. कसर लागलेले कोट, सिगारेटने जळालेल्या बाह्या, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढून घेई आणि भोकावर ते उभे-आडवे असे विणत जाई, की काम संपल्यावर नेमकं कुठे फाटलं होतं हे तिलासुद्धा बोट फिरवून शोधावं लागे. आतल्या खोलीत तिची मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपलेली असे. झोपलेली म्हणजे पडलेली. डोळे बहुतेक वेळ उघडेच असत.

मुलगी तिशीची होती. तरणतलावावर ती मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची, पाण्याला जन्मभर घाबरलेल्यांना, आणि तिथे सगळे तिला मासोळी म्हणत. मागच्या उन्हाळ्यात तिची झोप उडाली. बोलताना शब्द एकमेकांच्या पायात येऊ लागले. म्हातारपणी समुद्र पोहून जाणाऱ्यांची शाळा काढायची असं तिने ठरवलं आणि रस्त्यात भेटेल त्याला घरी चहाला बोलावलं. लोक आलेही. आई चहा करता करता मेटाकुटीला आली, पण खरं सांगायचं तर तिलाही त्या दिवसांत मजा वाटत होती. वडील गेल्यापासून त्या घरात इतकं कुणी हसलं नव्हतं. मग एका सकाळी मासोळी पुलाच्या कठड्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारू लागली, आणि दोघातिघांनी तिला धरून खाली उतरवलं, तेव्हा मजा संपली.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव बायपोलर असं सांगितलं. चढ येतो, मग उतार येतो, औषधाने दोन्ही आटोक्यात राहतात, पण औषध जुळून यायला वेळ लागतो. "हा आजार आहे, स्वभाव नाही, एवढं लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. आईने लक्षात ठेवलं. फक्त, मग मुलीचा स्वभाव नेमका कुठला, हे तिने त्यांना विचारलं नाही.

आता उतार होता. सकाळी गोळ्या हातावर ठेवायच्या आणि गिळल्या का ते बघायचं, सूप भरवायचं, दोन दिवसांआड धरून न्हाणीघरात न्यायचं. ठरल्या दिवशी रक्त तपासायला न्यायचं, तेव्हा मुलगी रिक्षात डोळे मिटून बसे. आईला या सगळ्याची सवय झाली होती. हात चालू असले की मन फार भरकटत नाही, हे तिला कामानेच शिकवलेलं होतं.

एका दुपारी ती बटणं आणायला गेली. बटणवाला जुना ओळखीचा, बडबड्या माणूस. डबे उघडता उघडता तो म्हणाला, "काल मासोळी येऊन गेली की. एकदम फॉर्मात आहे पोरगी. मला म्हणते, काका, ढेरीत हवा भरलेली आहेच, तुम्ही बुडणार कसे, या शिकायला." आणि आठवून तो पुन्हा हसला.

काल मासोळी दिवसभर आतल्या खोलीत होती. आई हे सांगू शकली असती. पण ती नुसतं "हो का?" म्हणाली, आणि बटणं निवडायला जरा जास्तच वेळ लावून तिथे उभी राहिली, की तो अजून काही सांगतो का.

घरी आल्यावर तिने मुलीच्या तलावावर जायच्या चपला उचलून पाहिल्या. पट्ट्यांवर महिन्यांची धूळ होती. माणूस चुकतो, तिने स्वतःशी म्हटलं. त्याला उन्हाळ्यातलंच काहीतरी काल घडल्यासारखं वाटत असेल.

पण मग तरणतलावाच्या मॅनेजरचा फोन आला. मासोळी पुन्हा कामावर कधी येते, एवढंच त्याला विचारायचं होतं, कारण सकाळी ती येऊन गेली तेव्हा त्याला विचारायला जमलं नाही. "काठावर पाय सोडून बसली होती. एक आजीबाई महिनाभर नुसत्या पायरीवर थरथरत उभ्या असतात, त्यांना हिने पाच मिनिटांत तरंगवलं बघा," तो म्हणाला. आईने फोन ठेवला आणि आत जाऊन मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. केस कोरडे होते, थोडे तेलकट.

आपण बाहेर गेलो की ही उठून जात असेल, हा एकच विचार त्यात धरून ठेवण्यासारखा होता, आणि आईने तो घट्ट धरला. कामाचे कपडे लाँड्रीवाल्यांनीच आणून द्यावेत आणि न्यावेत अशी तिने व्यवस्था केली. भाजी, औषधं, सगळं घरपोच. ती घरातून हललीच नाही. टेबल तिने थोडं फिरवून घेतलं, म्हणजे मान वर केली की आतल्या खोलीतला पलंग दिसे.

अशात मावशी आली. आईची धाकटी बहीण, बोलण्यात कुणाला हार न जाणारी, दर आठवड्याला फळं घेऊन येणारी. आई त्या वेळी न्हाणीघरात होती. तिने मुलीला स्टुलावर बसवून तिचे केस धुतले होते आणि आता गुंता सोडवत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी पिशव्या ठेवत मोठ्याने म्हणाली, "काय गं ताई, पोरगी एवढी बरी झाली आणि मला कळवायचं नाही होय? स्टॉपपासून फाटकापर्यंत माझ्याबरोबर आली. हसवून हसवून पुरेवाट केली माझी. म्हणाली, मावशी, तू हो पुढे, मी..."

बोलता बोलता मावशी न्हाणीघराच्या दारात आली होती. मुलीच्या खांद्यावर टॉवेल होता आणि केसांतून पाणी निथळत होतं. आईच्या हातातला कंगवा तसाच केसांत अडकलेला राहिला. मुलीने मावशीकडे मान वळवली, आणि बराच वेळ लावून, जणू ते शब्द तळातून वर आणावे लागत होते, म्हणाली, "ये मावशी."

मावशी बाहेर जाऊन खुर्चीवर बसली. पाणी मागितलं नाही, पण आईने आणून दिलेलं सगळं प्यायली. मग फार हळू म्हणाली, "तिने माझी पिशवी धरली होती. एक बंद माझ्या हातात, एक तिच्या." त्यानंतर ती यायची थांबली. फोन मात्र नियमाने करी आणि इकडचं तिकडचं बोलून ठेवून देई.

पुढच्या भेटीत आईने डॉक्टरबाईंना सांगायचा प्रयत्न केला. सांगताना ते तिलाच इतकं विचित्र वाटलं, की तिने अर्ध्यावर 'लोक काहीबाही बोलतात' असं म्हणून ते गुंडाळलं. डॉक्टरबाई क्षणभर तिच्याकडेच बघत राहिल्या. "तुम्हाला झोप लागते का?" त्यांनी विचारलं. "एकजण आजारी असला की घरातल्या दुसऱ्याची फार आबाळ होते. जरा बाहेर पडत जा. मोकळी हवा घ्या."

त्या दुपारी सूप भरवताना आईने मुलीलाच विचारलं. सरळ विचारलं, जसं दूध उतू गेलं का असं विचारावं.

"लोक म्हणतात, तू त्यांना बाहेर दिसतेस."

मुलीला आश्चर्य वाटलं नाही. तिने घोट गिळला. "बरी आहे का ती?"

"बरी आहे म्हणतात."

"मग असू दे," मुलगी म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून आई बाहेर पडू लागली. डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं ना, असं ती स्वतःला म्हणे. मुलीला जेवू घालून, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून ती निघे आणि तरणतलावासमोरच्या बाकावर बसून राही. तिथून बाजारात, तिथून पुलावर. मासोळीला पकडायचं वगैरे काही नव्हतं. नुसतं एकदा बघायचं होतं. ती खळखळून हसते तेव्हा तिचा डावा खांदा वर जातो, तो. लांबून दिसला तरी चालणार होतं. पण जिथे जावं तिथे मासोळी आत्ताच निघून गेलेली असे. चहाच्या दुकानात पोऱ्याने टेबलावरचा कप उचलता उचलता सांगितलं, "अहो, आत्ता तर गेल्या," आणि आईने त्याच्या हातून तो कप घेतला. गरम होता. ती तो दोन्ही हातांत धरून निवेपर्यंत बसली, आणि त्या दिवशी घरी पोचायला तिला फार उशीर झाला.

दार उघडताच जळका वास आला. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. गॅसवर पातेलं लाल झालं होतं. त्यात कधीतरी दूध असावं. खाली फरशीवर मुलगी भिंतीला टेकून बसली होती, पायावर भाजल्याचा लांबट डाग, आणि ती ज्योतीकडे बघत होती, पण हात वर करून बटण फिरवायचं बळ तिच्यात उरलेलं दिसत नव्हतं. आईने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पायावर पाणी ओतलं.

"भूक लागली होती," मुलगी म्हणाली. "हाका मारल्या मी तुला."

आई तिच्याशेजारी फरशीवर बसली. ओल्या फरशीने तिचे कपडे भिजले तरी ती उठली नाही. तिच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती, आणि ती फार साधी होती: हिला भूक लागली होती, आणि मी तिच्यामागे गेले होते.

ती त्यानंतर शोधायला गेली नाही. औषधांच्या दुकानदाराने "सकाळी मासोळी..." असं सुरू केलं, तेव्हा तिने त्याला मध्येच थांबवलं. "नाही, ती घरी आहे." मॅनेजरचा फोन आला, तेव्हाही तेच. "ती नव्हे हो. ती घरी आहे. तिच्या पायाला भाजलंय." कुणी वाद घातला नाही. लोक आपलंच काहीतरी चुकलं असेल अशा चेहऱ्याने गप्प होत, आणि हळूहळू त्यांना ती दिसायचीच थांबली, किंवा दिसली तरी ते बोलायचे थांबले.

त्याच सुमारास नव्या गोळ्यांचं प्रमाण जुळून आलं. आधी मुलीने खिडकी उघडायला सांगितली. मग एकदा आपली आपण अंघोळ केली. मग तिला आईच्या हातच्या सुपाचा कंटाळा आल्याचं तिने बोलून दाखवलं, आणि आईला ते ऐकून इतकं बरं वाटलं की तिने ते सूप स्वतःच संपवून टाकलं. पायाचा डाग फिका झाला. मॅनेजरने तिला अर्ध्या दिवसाचं काम दिलं. आजीबाई अजून पायरीवरच उभ्या असतात, असं मुलीने येऊन सांगितलं. त्यांना तरंगायला वेळ लागेल, घाई करून चालणार नाही.

ती आता शांत झाली होती. हसायची, पण बेतानं. दोघी मिळून एकदा बटणं घ्यायला गेल्या, तेव्हा बटणवाला तिच्याकडे नीट बघून आईला म्हणाला, "ही धाकटी का?" आईने मान हलवली. मान कुठल्या बाजूला हलवली, ते त्याला कळलं नसावं. पण रस्त्यात मुलगीच म्हणाली, "जाऊ दे गं. धाकटी तर धाकटी. वय कमी झालं माझं." दोघी घरी येईपर्यंत त्यावर हसत होत्या.

हिवाळा आला. मोठ्या कोटांचे दिवस. आईला मान वर करायला फुरसत नव्हती. त्या दिवशी ती एका जाड करड्या कोटावर सकाळपासून बसली होती. कॉलरजवळ कसरीने चाळण केली होती, आणि त्या रंगाचा धागा दुसरीकडून मिळण्यासारखा नव्हता, म्हणून ती अस्तर उसवून आतून एकेक तंतू ओढून घेत होती. जेवायलाही ती टेबलावरून उठली नव्हती. दिवे लागायच्या वेळी मुलगी कामावरून आली, हातपाय धुतले, आईने वाढून दिलं तसं जेवायला बसली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आज तू कुठे निघाली होतीस?"

"कुठे? घरातच तर आहे दिवसभर."

मुलीने एक घास खाल्ला. "तलावासमोरून बस गेली तेव्हा खिडकीत तूच बसली होतीस. केस मोकळे सोडले होतेस. शेजारच्या बाईशी काहीतरी बोलत होतीस आणि इतकी हसत होतीस की डोळे पुसत होतीस. मी तुला असं कधी बघितलंच नव्हतं, म्हणून धावत गेले. बस सिग्नलला थांबली होती. मी खिडकीवर टकटक केलं. आई, आई म्हणून हाका मारल्या."

आईच्या हातातली सुई कोटात अर्धी गेलेली होती.

"तू बघितलंस माझ्याकडे," मुलगी म्हणाली. "नीट बघितलंस. मग त्या बाईला विचारलंस, ही कोण?"

बाहेरच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. आईने सुई काढून घेतली, अस्तरात टोचून ठेवली, कोट मांडीवरून उचलून टेबलावर सरकवला.

"बस कुठल्या बाजूला गेली?" तिने विचारलं.

मुलगी ताटावरून उठली, उष्ट्या हाताने तशीच पुढच्या दाराशी गेली, आणि तिने आतून कडी लावून घेतली.