कच्च्या बटाट्याचा फेस

चितेगावात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीतली माणसं पाळी सुटल्यावर घरी न जाता थेट इकडंच आली होती. माझी आई, सरूबाई, खाटेवर पालथी पडलेली. तिच्या मणक्याच्या ऑपरेशनची जखम वाहत होती आणि करणी उतरवणारे लोटेबाबा तांब्याच्या लोट्यातलं तीर्थ तिच्यावर ओतत होते.

पहिल्या दिवशी म्हणे जखमेतून पांढरा फेस उसळला. करणीचं विष उकळतंय, असं बाबांनी जाहीर केलं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तीर्थ बाटतं म्हणून गोळ्या बंद झाल्या. मग रोज फेस कमी होत गेला. आज आलाच नाही. विष संपलं म्हणून वडील, नानासाहेब, पेढे वाटायला निघाले.

मी गारखेड्याला शाळेत विज्ञान शिकवते. हे कळलं तशी निघून आले. आई हळूच म्हणाली, "मंजू, पायावर चादर हाय का गं? मला कळंना."

चादर नव्हती. पायांवर माशा बसल्या होत्या. मला भीती वाटली नाही, राग आला नाही. काहीच वाटलं नाही. पाय जायला लागलेत, एवढं मात्र समजलं.

नानांना दवाखान्याचं सांगितलं. ते म्हणाले, "फेस गेला, समद्यांनी पाह्यलंय. आता कशाला पुन्हा कापाकापी?"

मग मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जखम धुवायच्या पेरॉक्साइडची बाटली आणली. स्वयंपाकघरातला कच्चा बटाटा चिरून एका फोडीवर ते ओतलं. भसाभस फेस आला.

"नाना, बटाट्यावर कुणी करणी केली?"

बाबांकडं त्याचंही उत्तर तयार होतं. बटाटा जमिनीखाली वाढतो, त्याला पाताळाची बाधा असते. मी दुसऱ्या फोडीवर लोट्यातलं तीर्थ ओतलं. फोड नुसती भिजली. पाताळाची बाधा असती, तर तीर्थानंही फेस यायला हवा होता.

मी सांगितलं, पहिल्या दिवशी लोट्यात हेच औषध भरलं होतं. रक्तामांसाला किंवा कच्च्या बटाट्याला लागलं की फेसाळतं. उघड्या लोट्यात, उन्हात राहिलं की त्याचा जोर जातो. विष कमी झालं नाही, तीर्थ शिळं झालं. जखम आतून तशीच सडते आहे.

नानांनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला आणि खाटेचा एक कोपरा धरला.

दवाखान्यात जखम पुन्हा उघडली, धुतली, सडलेला भाग काढला. पू तपासून कुठल्या औषधानं जंतू मरतील ते पाहिलं आणि ते औषध शिरेतून बरेच दिवस दिलं. उजव्या पायात जीव आला. डावा अजून ओढावा लागतो. लवकर आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

बाबा आता पैठणकडं असतात, असं ऐकते. तिथंही कुणाची आई खाटेवर पालथी असेल. ऑपरेशनची जखम वाहू लागली, ताप आला, पाय बधिर झाले, तर चमत्कार खरा की खोटा यावर वाद घालत बसू नका. आधी तिला दवाखान्यात न्या. वाद घालायला मागून वेळ असतो, पायांना नसतो.